घरात येणाऱ्या कागदांतून अर्थशास्त्र: नववी ते बारावीच्या वर्गासाठी वर्षभराचा आराखडा

कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आकृतीसह लिहिणाऱ्या मुलाला घरच्या कर्जाच्या कागदावरचा व्याजदर वाचता येत नाही. उत्तरपत्रिकेत नाणे बाजाराची वैशिष्ट्यं येतात, पण आपलं खातं आधारशी जोडलंय का हे शिष्यवृत्ती अडकेपर्यंत त्याला माहीत नसतं. दोष मुलांचा नाही. आपण अर्थशास्त्र फळ्यावर सुरू करतो आणि वेळ उरला तर घरापर्यंत नेतो. वेळ उरत नाही.

खाली दिलेला क्रम उलटा आहे. आधी घरात येणारा एखादा कागद घ्यायचा, तो ओळीओळीनं वाचायचा आणि मग त्यातून पुस्तकातली संकल्पना बाहेर काढायची. राज्य मंडळाच्या शाळा नजरेसमोर ठेवून हे लिहिलं आहे. आठवड्याला एक तास मिळाला तरी जून ते जानेवारीत सगळं बसतं.

आधी जागा शोधा

नवा विषय सुरू करायला परवानगी मागत बसलात तर वर्ष जाईल. जागा अभ्यासक्रमातच आहे. नववीच्या आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक आणि प्राप्तिकर, दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड आणि एसआयपी. अकरावीच्या अर्थशास्त्रात पैसा, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, ग्रामीण विकास आणि बेरोजगारी. बारावीत मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, सार्वजनिक वित्त, नाणे बाजार आणि भांडवल बाजार. वाणिज्य शाखेला पुस्तपालन, वाणिज्य संघटन आणि चिटणिसाची कार्यपद्धती यांची जोड आहे.

सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे बारावीच्या अर्थशास्त्रातले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. बहुतेक ठिकाणी तो प्रकल्प मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवला जातो. तोच या कामासाठी वापरा. 'आमच्या घरी आलेल्या तीन कागदांचं वाचन' हा प्रकल्प कुणाला कुणाचा उतरवता येत नाही, कारण प्रत्येकाचा कागद वेगळा.

गणिताच्या शिक्षकांशी जूनमध्येच बोलून ठेवा. सध्याच्या दहावीच्या पुस्तकात जीएसटीचे ५, १२, १८ आणि २८ टक्के असे टप्पे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ हे टप्पे गेले, ५ आणि १८ हे मुख्य राहिले आणि निवडक वस्तूंवर ४० टक्के आला. परीक्षेत प्रश्नात दिलेला दर धरायचा, दुकानाचं बिल तपासताना आजचा. मुलांना एवढं एकदा स्वच्छ सांगितलं की गोंधळ होत नाही.

कागद गोळा करा, पण कुणाची झाकली मूठ उघडू नका

पहिल्या महिन्यात फक्त कागद जमवायचे: वीजबिल, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, बाजार समितीची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती), साखर कारखान्याचं ऊसबिल, पगाराची स्लिप, विम्याची पावती, गाडीच्या किंवा मोबाइलच्या हप्त्याचा करार, आईच्या बचत गटाची वही. प्रत्येकानं कुठलाही एक आणायचा. नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि आधार क्रमांक घरीच काळ्या शाईनं खोडून त्याची झेरॉक्स आणायची. मूळ कागद वर्गात आणू द्यायचा नाही.

इथे एक पथ्य कटाक्षानं पाळा. 'तुझ्या बाबांचं महिन्याचं उत्पन्न किती?' हा प्रश्न भर वर्गात विचारायचा नाही. एकाच बाकावर डॉक्टरची मुलगी आणि ऊसतोड मजुराचा मुलगा बसलेला असतो, आणि दोघांनाही तो प्रश्न नको असतो. अंदाजपत्रक शिकवायचं असेल तेव्हा गटागटाला कल्पित कुटुंब द्या. एका गटाला दोन एकर बागायत आणि दोन म्हशी, दुसऱ्याला पुण्यातली कारखान्यातली कंत्राटी नोकरी आणि भाड्याची खोली, तिसऱ्याला रिक्षा आणि शिवणकाम. मुलं त्या कुटुंबाच्या आडून आपल्याच घराबद्दल बोलतात आणि लाजही राहते.

पट्टी आणि ऊसबिल: बाजाराचे प्रकार इथून सुरू करा

ग्रामीण शाळेत पहिला कागद बाजाराची पट्टीच घ्यावी. समजा १२ क्विंटल कांदा १,४०० रुपयांनी गेला. पट्टीवर १६,८०० दिसतात. त्यातून हमाली आणि तोलाई वजा होऊन हातात येते ती रक्कम खाली लिहिलेली असते. मुलांचं काम यानंतर सुरू होतं. टेंपोचं भाडं, बारदान, काढणीची मजुरी, बियाणं, खत आणि औषध यांतलं काहीही पट्टीवर नसतं. ते घरी विचारून मांडायचं आणि एका क्विंटलला प्रत्यक्षात किती उरले ते काढायचं. उत्तर उणे आलं तर तसंच लिहायचं.

मग प्रश्न विचारा: भाव कमी होता तरी बाबांनी कांदा परत का आणला नाही? कांदा साठवायला चाळ नव्हती, माल सडत होता, पैसे हवे होते, परतीचं भाडं पडलं असतं. पुरवठ्याचं प्रकरण एवढ्यात अर्धं होतं. पूर्ण स्पर्धेतला विक्रेता किंमत ठरवत नाही, ती स्वीकारतो. हे वाक्य लासलगावच्या लिलावात उभ्या राहिलेल्या घरातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. व्यापारी मोजके आणि शेतकरी हजारो असतील तर ही खरोखर पूर्ण स्पर्धा आहे का, हा प्रश्न मात्र मुलांनीच काढावा. चांगल्या वर्गात तो निघतोच.

ऊसपट्ट्यात एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० ठरवली. घरी तेवढे येत नाहीत, कारण तोडणी आणि वाहतूक त्यातूनच कापली जाते. उतारा म्हणजे काय, तो कमीजास्त झाला की दर कसा बदलतो, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे न मिळाल्यास १५ टक्के व्याज द्यावं लागतं, हे तिन्ही मुद्दे ऊसबिल समोर ठेवून घ्या. सहकाराचा इतिहास इथे चार वाक्यांत येतो: विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि प्रवरानगरचा कारखाना. मुलाच्या घरी त्या भागातल्या कारखान्याचा शेअर दाखला असेल तर तोही आणू द्या. भागभांडवल शिकवायला दलाल स्ट्रीटपेक्षा तो जवळचा आहे.

शहरी शाळेत पट्टीच्या जागी पगाराची स्लिप येते. मूळ वेतन, भत्ते, भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि व्यवसाय कर. व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० का, हे विचारा. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार वर्षाला २,५०० पेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिन्यांचे २,२०० आणि शेवटचे ३००. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्यानं आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या नोकरदाराच्या स्लिपवरची एक ओळ दुष्काळी भागातल्या रस्त्याच्या आणि बंधाऱ्याच्या कामाला अशी जोडलेली होती. सार्वजनिक वित्त आणि बेरोजगारी ही दोन प्रकरणं त्या ओळीवर टांगता येतात.

वीजबिलाला एक तास पुरतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क हे वाचून झालं की फक्त टप्प्यांकडे लक्ष द्या. १०० युनिटच्या वर गेलो की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असा समज घरोघरी आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. प्राप्तिकराचे टप्पेही असेच चालतात. सीमांत, म्हणजे शेवटच्या वाढीव एककाचा, या शब्दाची भीती इथे जाते.

खातं: एक आठवडा, पण नीट

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं उघडून चालवता येतं. रकमेच्या मर्यादा आणि कार्ड वगैरे सोयी प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. जवळच्या शाखाधिकाऱ्यांना वर्गात बोलवा, फॉर्म मागवा आणि प्रत्येकाकडून एक कच्चा फॉर्म भरून घ्या. पैसे भरण्याची आणि काढण्याची स्लिपसुद्धा. मोबाइलवर सगळं होतं म्हणणाऱ्या मुलालाही रक्कम अक्षरी लिहिताना घाम फुटतो.

या आठवड्यात चार गोष्टी सुटू देऊ नका.

आधार सीडिंग. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. घरात दोन-तीन खाती असतील तर पैसे कुठल्या खात्यात पडले हे शोधण्यात महिने जातात. कुठलं खातं जोडलंय हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. हे अकरावीतच बघून घ्या.

अठरावं वर्ष. लहानपणी उघडलेलं खातं मूल सज्ञान झाल्यावर नव्या सहीनिशी आणि केवायसीसह अद्ययावत करावं लागतं. बारावीच्या प्रवेशधावपळीत हे कुणाला आठवत नाही, आणि नेमकी तेव्हाच फी परत येणार असते.

वारसाचं नामनिर्देशन. पासबुकात ती नोंद आहे का ते प्रत्येकानं घरी बघायचं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते. मालकी वारसा कायद्यानं ठरते. हा फरक नीट सांगा, भाऊबंदकीची निम्मी भांडणं इथली असतात.

ठेवीचं संरक्षण. एका बँकेत एका ठेवीदाराच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून, व्याजासह, ५ लाखांपर्यंतच विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. त्याच्या आधी सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला जेमतेम १,००० रुपये काढायची मुभा मिळाली होती. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. गावात दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, दोन्हीकडे ओळखीचीच माणसं बसतात आणि पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते. पतसंस्था वाईट असं शिकवू नका. अनेक उत्तम चालल्या आहेत. जादा टक्का कशाच्या बदल्यात मिळतो, एवढं मुलांनी विचारायला शिकावं.

व्याज: इथे हवा तेवढा वेळ घ्या

या आराखड्यातला एकच भाग ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन. बाकी चुका शेकड्यात महाग पडतात, व्याज न समजल्याची चूक हजारांत.

फळ्यावर एक उदाहरण मांडा. जुन्या स्कूटरसाठी ६०,००० रुपये कर्ज, '१२ टक्के फ्लॅट', दोन वर्षं. व्याज वर्षाला ७,२००, दोन वर्षांचं १४,४००. एकूण ७४,४००, म्हणजे महिन्याला ३,१०० चा हप्ता. वर्गाला विचारा की व्याजदर किती. सगळे एका सुरात बारा म्हणतील.

आता विचारा, तेराव्या महिन्यात माझ्याकडे सावकाराचे ६०,००० आहेत का? निम्मे तर परत गेलेले असतात. तरी व्याज पूर्ण ६०,००० वरच चालू आहे. शिलकेवर मोजलं तर दर १२ टक्क्यांना हप्ता सुमारे २,८२५ बसतो आणि दोन वर्षांचं व्याज ७,८०० च्या आत राहतं. मग १४,४०० व्याज नेमकं किती टक्क्यांचं? गटांना कॅल्क्युलेटर द्या आणि चाचपडत शोधू द्या. महिन्याला दीड टक्का धरून शिल्लक काढत जा: व्याज मिळवा, ३,१०० वजा करा, पुन्हा व्याज. चोवीस महिन्यांनंतर शिल्लक उणे गेली, म्हणजे दर कमी धरला. दोन टक्के धरा, आता काही देणं उरलं, म्हणजे जास्त धरला. १.८ च्या जवळ शिल्लक शून्यावर येते. वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के. एक्सेलमधलं 'रेट' हे सूत्र हेच उत्तर क्षणात देतं, पण आधी हातानं करून घ्या. बारा वाटलेला दर साडेएकवीस निघतो तेव्हा वर्गात जी कुजबुज होते ती सूत्रानं होत नाही.

त्यावर १,५०० रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापली असेल तर हातात ५८,५०० आले आणि दर २४ टक्क्यांच्या वर गेला. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक आहे, आणि फीसकट वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. घरी अलीकडे कुठलं कर्ज घेतलं असेल तर मुलांनी ते पत्रक शोधावं. बऱ्याच घरांत ते मोबाइलमध्ये न उघडलेल्या फाइलीत पडलेलं असतं.

यानंतर बाकीचे प्रकार पटापट घ्या. गावात व्याज शेकड्यानं आणि महिन्यानं बोललं जातं. 'शेकडा तीन' म्हणजे वर्षाला ३६ टक्के. परवाना नसलेल्या सावकारीला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं बंदी आहे, हे सांगा. लोक तरी तिथे का जातात, हेही बोलू द्या. रात्री दोन वाजता दवाखान्यात पैसे कोण देतं, या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नसतं. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, आणि व्याजावर जीएसटी वेगळा. 'किमान रक्कम भरा' या ओळीखाली काय दडलंय ते १०,००० च्या उदाहरणानं करून बघा. भिशी घेतली तर लिलावाच्या भिशीत लवकर उचलणारा किती टक्के मोजतो ते काढा आणि एखाद्यानं उचलून हप्ते बंद केले तर कोण जबाबदार, तेही विचारा. बचत गटाची वही मात्र संपूर्ण वाचा. अंतर्गत कर्जाचा दर, परतफेडीच्या तारखा, बैठकीचा ठराव: कित्येक गटांच्या बायका हा हिशोब आपल्या बारावीच्या मुलांपेक्षा चोख ठेवतात. शक्य असेल तर गटाच्या सचिव ताईंनाच वर्गात शिकवायला बोलवा.

वर्गाचा स्वतःचा महागाई निर्देशांक

सोपं काम आहे, चिकाटी लागते. जुलैत वर्गानं दहा वस्तू ठरवायच्या: तूरडाळ, गोडेतेल, कांदा, दूध, गॅस, वही, एसटीचं किंवा लोकलचं तिकीट, अशा. एका कुटुंबाला महिन्याला किती लागतं ते ठरवून जुलैचे भाव लिहायचे, मग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याच दुकानातून भाव. जानेवारीत लास्पेअरच्या सूत्रानं, म्हणजे जुलैचीच प्रमाणं कायम धरून, निर्देशांक. त्याच दुकानातून यावर ठाम राहा, नाहीतर मुलं ऑनलाइन भाव उतरवतात आणि आकडे कशाशीच जुळत नाहीत. कांदा महागल्यावर घरात तो कमी आणला गेला तर चालू महिन्याची प्रमाणं धरणारं पाशेचं सूत्र वेगळं उत्तर देतं, आणि का देतं ते स्वयंपाकघरात दिसतं.

आनंद मेळावा हिशोबासकट

जवळपास प्रत्येक शाळेत डिसेंबर-जानेवारीत बाल आनंद मेळावा किंवा खाद्यजत्रा भरते. मुलं वडे तळतात, पालक कौतुकानं खातात, गल्ला मोजून 'दोन हजार नफा झाला' असं जाहीर होतं आणि फोटो निघतात. दोन हजार हा नफा नसतो, विक्री असते. मेळावा तसाच राहू द्या, फक्त त्याला वही जोडा.

मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक गटानं एका पानावर योजना द्यायची. समजा वडापाव. पाव, बटाटा, बेसन, तेल, चटणी, कागद मिळून एका नगाला १३ रुपये. विक्री २० ला. एका नगामागे ७ सुटतात. गॅसचा वाटा, कढईचं भाडं आणि फलक हे विक्री कितीही झाली तरी होणारे खर्च, समजा ४२०. भागिले ७, उत्तर ६०. साठावा वडापाव विकला जाईपर्यंत गट तोट्यातच आहे. ना नफा ना तोटा बिंदूची आकृती आता काढा, ती लक्षात राहते.

मेळाव्याच्या दिवशी ११५ नग केले आणि १०० विकले. विक्री २,०००. बदलता खर्च ११५ गुणिले १३, म्हणजे १,४९५. वर ४२०. उरले ८५ रुपये. चार जणांनी प्रत्येकी पाच तास राबून, म्हणजे वीस तासांत. ताशी सव्वाचार रुपये. उरलेले पंधरा वडे नसते तर नफा २८० झाला असता, म्हणजे ताशी १४. हे आकडे फळ्यावर उभे राहिले की पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: कोपऱ्यावरचा गाडीवाला जगतो कसा? तो जास्त नग विकतो, घाऊक आणतो, आदल्या दिवसाच्या अंदाजानं पीठ भिजवतो, आणि घरातल्या माणसांची मजुरी तोही धरत नाही. स्वतःच्या श्रमाची किंमत न धरणं हा आपल्याकडच्या छोट्या धंद्यांचा आणि शेतीचाही सर्वात जुना हिशोबी दोष आहे. संधी खर्च (एका कामासाठी सोडून दिलेल्या दुसऱ्या पर्यायाची किंमत) ही संकल्पना मी इथेच शिकवते, त्याआधी नाही.

लवचिकतेसाठी, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते ते पाहायला, एका गटाला शेवटच्या तासात भाव २० वरून २५ करू द्या. तासाला ३० जात होते ते २७ झाले, तर किंमत २५ टक्क्यांनी वाढून मागणी १० टक्क्यांनी घटली: लवचिकता ०.४. पण निष्कर्ष काढताना मुलांना सावध करा. गिऱ्हाईक म्हणून आलेले आजोबा नातवाकडून ५० ला सुद्धा वडा घेतील. शाळेच्या आवारातली मागणी प्रेमापोटी फुगलेली असते, आणि ती खरी मानून धंदा काढणारे मोठ्या वयातही भेटतात.

मेळाव्यानंतर ज्यांना खरंच काही करून बघायचं आहे त्यांच्यासाठी कागदांची यादी द्या. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यांतर्गत व्यवहाराला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि अठरा वर्षांखालच्यानं केलेला करार कायद्यानं निरर्थक असतो, म्हणून गाळ्याचा करार पालकांच्या नावानंच.

फसवणूक: दर दोन महिन्यांनी एक तास

एकाच दिवशी शिबिर घेऊन हा विषय संपवू नका. युक्त्या बदलत राहतात. पण काही नियम टिकाऊ आहेत. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जाऊ शकतात. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. फसलो तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

अकरावी-बारावीच्या मुलांना एक वेगळा धोका आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार घे' असं सांगून फसवणुकीचा पैसा विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवला जातो. पोलीस आधी त्या खातेदाराच्या दारात येतात. हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि खातं उघडण्याच्या आठवड्यातही एकदा सांगा.

दामदुप्पट योजनांसाठी जुनी उदाहरणं शोधायला लागत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानाबाहेर गर्दी जमली ती दर आठवड्याला परतावा मिळतो या भरवशावर पैसे गुंतवलेल्यांची. वर्गात फक्त गणित करा: आठवड्याला ५ टक्के चक्रवाढीनं ५२ आठवड्यांत रकमेचे साडेबारा पटींहून जास्त होतात. असा धंदा जगात कुठला? ठेवी घेणाऱ्या संस्थेला परवानगी आहे का हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्यात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, पण तो लागू होईतो पैसे गेलेले असतात.

शेअर सर्वात शेवटी

मुलांना पहिल्या दिवसापासून हेच हवं असतं. जानेवारीपर्यंत थांबवा. शेअर, लाभांश, दलाली, म्युच्युअल फंडाचं एनएव्ही (एका युनिटचं मूल्य) हे दहावीच्या प्रकरणातूनच करा. गाव मुंबईपासून फार लांब नसेल तर १८७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई शेअर बाजाराची इमारत बाहेरून आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आतून, अशी एका दिवसाची सहल होते.

कल्पित पैशांच्या शेअर स्पर्धा मी घेत नाही. महिन्याभराच्या स्पर्धेत हमखास तोच जिंकतो ज्यानं सगळे पैसे एकाच शेअरवर लावले, आणि वर्ग त्याच्याकडून नेमकं नको ते शिकतो. त्याऐवजी शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला आकडा फळ्यावर लिहा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांत) व्यवहार करणाऱ्या दर १०० वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ जणांना तोटा झाला. रीलमध्ये दिसणारा उरलेल्या सातांतला असतो, किंवा क्लास विकणारा असतो.

बारावीसाठी खास: शैक्षणिक कर्ज

फेब्रुवारीच्या परीक्षेआधी एक तास यासाठी राखा आणि शक्य तर पालकांना बोलवा. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी १ लाख कर्ज, १० टक्के सरळ व्याज, शिक्षण संपल्यावर एक वर्ष सवलत. हप्ता सुरू होईल त्या दिवशी पहिल्या लाखावर ५ वर्षांचं ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. चार लाखांचे ५,४०,००० झालेले असतात. शिक्षण चालू असताना फक्त व्याज भरत गेलं तर हा डोंगर उभा राहत नाही, हे पालकांना बँकेत कुणी समजावून सांगतंच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीन न देता कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. यादीत आपलं कॉलेज आहे का हे प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी बघायचं, नंतर नाही.

गुण कसे द्यायचे

शेवटची चाचणी लेखी प्रश्नांची नको. प्रत्येकाला आधी न पाहिलेला एक कागद द्या: कुणाची तरी नावं खोडलेली पट्टी, हप्त्याचा करार, पॉलिसीचं पहिलं पान. अर्ध्या तासात पाच प्रश्नांची उत्तरं त्याच कागदावरून लिहायची. यात पैसे कोण कोणाला देतंय? एकूण किती? कधीपर्यंत? न भरल्यास काय? कुठली ओळ समजली नाही आणि ती कोणाला विचारशील? शेवटच्या प्रश्नाला सर्वाधिक गुण ठेवा. तिथे काहीच न लिहिणाऱ्याची उत्तरपत्रिका पुन्हा तपासा. बहुधा त्यानं बारीक अक्षरातला मजकूर वाचलेलाच नसतो.

कागदांच्या झेरॉक्स वर्षअखेरीला शाळेत ठेवायच्या नाहीत. मुलांना परत द्या किंवा त्यांच्यासमोर फाडा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी आपापले आणायचे, आणि दर, टप्पे आणि योजना जूनमध्ये नव्यानं तपासून घ्यायच्या.